स्कूटर फोटोत, पैसे खड्ड्यात!

कॉलेज सुरू झालं की पुण्यात बाहेरगावच्या मुलांची दोन गोष्टींसाठी शोधाशोध सुरू होते. एक म्हणजे बरी मेस आणि दुसरी म्हणजे बजेटमध्ये बसणारी सेकंडहँड गाडी. पीएमपीची वाट बघत सकाळी सातचं लेक्चर गाठता येत नाही, हे पहिल्या सेमिस्टरमध्येच कळतं. नवीन स्कूटर ऑन रोड लाखाच्या आसपास जाते, तिचं नाव घरी काढायची सोय नाही. मग काय, मोबाइल काढायचा आणि जुन्या गाड्यांच्या जाहिराती स्क्रोल करत बसायचं. तुम्हीही हे केलं असेलच. माझ्या रूममेटनंही केलं आणि अडीच तासांत १४ हजार ५०० रुपये घालवून बसली.

जाहिरात अशी होती : २०१९ चं मॉडेल, पहिलाच मालक, १८ हजार किलोमीटर रनिंग, किंमत फक्त २२ हजार. तसल्याच गाडीचे बाकीचे लोक ४५ ते ५० हजार सांगत होते. मालक म्हणे लष्करात, आधी पोस्टिंग पुण्यात होतं, आता अचानक जम्मूला बदली झाली, म्हणून घाईत आणि स्वस्तात गाडी काढतोय. हिनं मागितलंही नव्हतं, तरी त्यानं आयकार्ड पाठवलं, कॅन्टीन कार्ड पाठवलं, वर्दीतला फोटो पाठवला. माझी रूममेट साताऱ्याकडची, तिचे मामा फौजेतून रिटायर झालेले. ती मला म्हणाली, "फौजी माणूस आहे गं, तो कशाला फसवेल?"

गाडी बघायला कुठे यायचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, गाडी मिलिटरी एरियात आहे, सिव्हिलियनला आत सोडत नाहीत. पण काळजी नको, आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं गाडी तुमच्या दारात येईल, किंमत गाडी हातात आल्यावरच द्या. आत्ता फक्त पार्सलच्या नोंदणीचे २,१०० रुपये. ते पाठवल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या स्कूटरचा फोटो आला, त्यावर हिच्या नावाची चिठ्ठी. मग 'डिलिव्हरीवाल्या'चा फोन : डिपॉझिटचे ५,१५० भरा, रिफंडेबल आहेत. मग तिसरा फोन : पेमेंट उशिरा आलं, सिस्टिममध्ये एन्ट्री अडकली, अजून ७,२५० भरले की सगळं एकदम परत मिळेल. तेही गेले. त्यानंतर नंबर बंद.

तिनं हे मला चौथ्या दिवशी सांगितलं, आणि तेही मी दोनदा "स्कूटर कधी येतेय?" म्हणून विचारल्यावर. हे चार दिवस लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

वर्दी उसनी, विश्वास आपला

इंटर्नशिपच्या निमित्तानं हा विषय हातात घेतला, तेव्हा पहिल्यांदा कळलं ते हे, की या गोष्टीत माझ्या रूममेटच्या वाट्याला वेगळं असं काहीच आलं नव्हतं. बदली झालेला जवान, पार्सलचे पैसे, रिफंडेबल डिपॉझिट ही ठरलेली स्क्रिप्ट आहे. गाडीचं नाव, शहर आणि छावणी बदलते, बाकी संवाद तेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये हरियाणा पोलिसांनी नूंह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले, त्यासाठी सुमारे पाच हजार पोलीस उतरवले होते. पुढच्या तपासात देशभरातल्या सुमारे २८ हजार फसवणुकींचा आणि जवळपास १०० कोटी रुपयांचा माग लागल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. बाइक, कार, मोबाइल स्वस्तात विकायच्या खोट्या जाहिराती हा त्यांच्या धंद्याचा एक मोठा भाग होता. म्हणजे चॅटवर आपल्याशी बोलणारा हा कुणी एकटा-दुकटा भामटा असेलच असं नाही. सिमकार्ड आणणारा वेगळा, बँक खातं पुरवणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा, असं हे रीतसर काम चालतं.

मग वर्दीच का? आपल्याकडे याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, घराघरातून माणसं सैन्यात गेल्यामुळे लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतोच. 'फौजी' शब्द ऐकला की आपण पुढचे प्रश्न विचारत नाही, विचारणं आपल्यालाच बरं वाटत नाही. भामट्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय वर्दीमुळे त्याची मोठी अडचण सुटते : गाडी दाखवायची नाही, याला सबब मिळते.

आणि ते आयकार्ड? ते बऱ्याचदा खऱ्या माणसाचंच असतं. आधी कुणाशी तरी व्यवहाराचं नाटक करून त्याच्याकडून मागवलेलं, किंवा फोटो बदलून बनवलेलं. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. तुम्ही विश्वासानं एखाद्या अनोळखी माणसाला आधार किंवा पॅनचा फोटो पाठवलात, तर उद्या तो तिसऱ्याच कुणाला तरी तुमच्या नावानं दाखवला जाऊ शकतो.

आता रकमा बघा. एकदम २२ हजार मागितले असते तर हिनं दिले नसते. आधी दोन हजार, मग पाच, मग सात. प्रत्येक वेळी डोक्यात हिशोब एकच : आता थांबलो तर आधीचे बुडतील. आणि प्रत्येक वेळी समोरचा सांगणार, 'लगेच करा, गाडी गेटवर उभी आहे.' घाई यासाठी, की मध्ये फोन ठेवून तुम्ही कुणाला काही विचारू नये.

विकणाऱ्यांनाही सोडत नाहीत

तुम्ही म्हणाल, मी कुठे गाडी घेतोय, मी तर विकतोय. थांबा, तुमच्यासाठी वेगळा सीन आहे.

आमच्या वर्गातल्या एकानं जुनी बाइक विकायला टाकली, २८ हजारांना. दहा मिनिटांत फोन. समोरच्यानं गाडी न बघता, टायरची चौकशी न करता, एक रुपया कमी न करता "डन" म्हणून टाकलं. जुनी गाडी आणि घासाघीस नाही? तिथेच पाल चुकचुकायला हवी. मग तो म्हणाला, खात्री म्हणून आधी ५ रुपये पाठवतो. ते खरंच आले. त्यानंतर व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड आला : "हा स्कॅन करा, टोकनचे पाच हजार तुमच्या खात्यात जमा होतील." आमच्या मित्रानं स्कॅन केलासुद्धा, पण पिन टाकायच्या स्क्रीनवर 'पे' असं दिसलं आणि त्याचा हात थांबला.

हे एकदा पक्कं करून ठेवा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून बाहेर गेले, दुसरा अर्थ नाही. पूर्वी हीच फसवणूक 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवून व्हायची. तिचा इतका गैरवापर झाला, की एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधली ही सोय बंदच केली. त्यानं एक दार बंद झालं, पण क्यूआर कोडची युक्ती चालूच आहे, कारण तिथे दार आपण स्वतः उघडतो.

विकणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. एक, 'पेमेंट सक्सेसफुल'चा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही. स्क्रीनशॉट बनवता येतो, बँकेसारखा दिसणारा एसएमएसही पाठवता येतो. स्वतःचं बँकेचं ॲप उघडा, बॅलन्स बघा, मगच चावी द्या. दोन, टेस्ट राइड एकट्याला देऊ नका. बाइक असेल तर त्याचं लायसन्स बघून त्याची गाडी किंवा सोबतचा माणूस तुमच्याजवळ थांबू दे. कार असेल तर तुम्ही शेजारी बसा.

गाडी गेली, नाव राहिलं

पैसे मिळाले, गाडी गेली, पार्टी झाली. आपल्याकडे बहुतेकांचा व्यवहार इथेच संपतो. खरी गडबड इथूनच सुरू होऊ शकते, आणि ती कुठल्याही भामट्याशिवाय.

आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. एक कार हातोहात विकली जात शेवटच्या माणसापर्यंत पोचली, पण नोंदणी मूळ मालकाच्या नावावरच राहिली. २००९ मध्ये त्या कारनं अपघात झाला. मूळ मालकाचं म्हणणं होतं, मी तर गाडी २००७ मध्येच विकलीय. २०१८ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, कारण अपघात झालेल्या माणसानं खऱ्या मालकाच्या शोधात विक्रीची साखळी धुंडाळत बसायचं नाही. विचार करा, गाडी विकून दीड-दोन वर्षं झाली आणि नोटीस तुमच्या नावानं! अपघात सोडा, सिग्नल तोडल्याची ई-चलानंही तुमच्याच मोबाइलवर येणार.

म्हणून दोन फॉर्म लक्षात ठेवा. फॉर्म २९ म्हणजे 'मी गाडी विकली' ही सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "सह्या करून ठेवा, नंतर ट्रान्सफर करून घेतो" म्हणणाऱ्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका. परराज्यात गाडी जाणार असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी लागते. इन्शुरन्सही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा, त्यासाठी घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

जुन्या गाड्यांच्या डीलरला किंवा कंपनीला गाडी देणार असाल, तरी एक गोष्ट विचाराच. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अशा डीलरला आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन द्यायची असते. ती दिली, की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून निघून या.

घेताना काय बघायचं?

जाहिरातीतल्या गाडीचा नंबर मागा. नंबर झाकलेला असेल आणि मागूनही देत नसेल, तर तिथेच फुलस्टॉप. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी, गाडीवर कर्ज आहे का, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं. समोरचा सांगतोय ते नाव आणि स्क्रीनवरची अक्षरं जुळतात का, ते बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंडही कळतो.

कर्ज दिसत असेल तर "सगळे हप्ते फेडलेत" हे तोंडी चालत नाही. बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात हवा. नाहीतर गाडी तुमची आणि हप्ते थकले म्हणून उचलून नेणार बँक, असा प्रकार व्हायचा.

मग प्रत्यक्ष बघायला जा. दिवसा, मालकाच्या घरी, सोबत ओळखीचा मेकॅनिक. त्याला चहा-नाश्ता आणि चार-पाचशे रुपये दिले तरी ते वसूल होतात. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी ताडून बघा. खाडाखोड, घासल्याची खूण दिसली तर गाडी चोरीची असू शकते. मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस सेंटरच्या जुन्या बिलांवर किलोमीटर छापलेले असतात, ते बघा. १८ हजार चाललेल्या स्कूटरचे फूटरेस्ट आणि ब्रेकचे लिव्हर पार गुळगुळीत झाले असतील, तर मीटर खोटं बोलतंय. कार असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि पायाखालचं कार्पेट उचला. चिखलाचे डाग किंवा कुबट वास आला, तर गाडी पाण्यात बुडून आलेली असू शकते. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पुराच्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दोन्ही चाव्या मागून घ्या. आणि गाडी डोळ्यांनी बघेपर्यंत टोकन, बुकिंग, पार्सल, गेटपास, कशाच्याही नावाखाली एक रुपया पाठवू नका.

फसलोच तर?

आता ते चार दिवस. फसल्याचं कळल्यावर माझ्या रूममेटनं सगळ्यात आधी काय केलं असेल? चॅट डिलीट केलं. कुणाला दिसू नये म्हणून. मग घरी फोन केला तेव्हा "सगळं ठीक आहे" सांगितलं. जर्नलिझमच्या पोरी आपण, रोज दुसऱ्यांच्या फसवणुकीच्या बातम्या वाचतो, आणि आपणच फसलो, ही लाज तिला १४ हजारांपेक्षा जड झाली होती.

भामट्यांना हे चार दिवसच तर हवे असतात. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात, तिथून चार ठिकाणी, मग एटीएममधून बाहेर. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर तक्रार संबंधित बँकांपर्यंत जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. उशीर झाला तर गोठवायला काही उरलेलंच नसतं. पैसे आपणच पिन टाकून पाठवलेले असतात, त्यामुळे बँकेकडून भरपाईची आशाही फारशी नसते.

तेव्हा क्रम असा : आधी १९३०, मग नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार, मग आपली बँक. हाताशी काय हवं? व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी, मोबाइल नंबर, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट. म्हणून चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे. पोलीस स्टेशनला "आमच्या हद्दीतलं नाही" असं ऐकू आलं, तर नम्रपणे सांगा, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि तोतयेगिरी ऑनलाइन केलेली असेल तर आयटी कायद्याचं ६६डी.

आणि एक गोष्ट खास आपल्या वयाच्या लोकांसाठी. हे पैसे ज्या खात्यांतून फिरतात, त्यातली बरीच खाती भाड्यानं घेतलेली असतात. 'तुझं अकाउंट आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार मिळतील', अशी ऑफर कॉलेजच्या ग्रुपवर आली असेल तर ती याच साखळीतली कडी आहे. खातं तुमच्या नावावर, म्हणजे पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.

एक फोन

माझ्या रूममेटनं पाचव्या दिवशी १९३० ला फोन केला. तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आलेले नाहीत. त्या रविवारी तिनं घरी सांगून टाकलं. आई चिडली. मग मामांनी फोन घेतला. हिला वाटलं, आता फौजी खाक्या. मामा शांतपणे म्हणाले, "अगं पोरी, बदली झाली की गाडी एकतर रेल्वेनं पुढं जाती, न्हाईतर पलटणीतलाच कुणीतरी घेतो. कुठला जवान अशी पार्सलनं गाडी विकत बसलाय? मला एक फोन करायचास की."

एक फोन. ज्या माणसाला ती स्क्रिप्ट एका मिनिटात खोटी पाडता आली असती, तो तिच्या मोबाइलमध्येच होता, 'मामा' नावानं सेव्ह केलेला. फसवणूक सुरू असताना घाईमुळे तो नंबर लावला गेला नाही आणि नंतर लाजेमुळे. एमपरिवहन, फॉर्म, यूटीआर सगळं लक्षात ठेवाच. पण तेवढं जमलं नाही, तरी पैसे पाठवण्याआधी हा सगळा व्यवहार एका माणसाला मोठ्यानं सांगा. आई, रूममेट, गॅरेजवाले काका, कुणीही चालेल. आपण तोंडानं सांगायला लागलो, की बऱ्याचदा आपल्यालाच त्यातली गडबड ऐकू येते.

तिनं गेल्या महिन्यात स्कूटर घेतली. कोथरूडमधल्या एका काकूंची, ४१ हजारांना. मामा साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं आले, टायरवर दोन लाथा मारून बघितल्या, चासी नंबर चष्मा लावून वाचला आणि फॉर्म २९ आणि ३० वर काकूंच्या सह्या झाल्यावरच पैसे द्यायला लावले. आरसी तिच्या नावावर होऊन आलीय. आता सकाळी सातच्या लेक्चरला मी तिच्या मागे बसून जाते, आणि पेट्रोलचे निम्मे पैसे ती माझ्याकडून न चुकता घेते. यूपीआयनंच.